पीक ठरवतो कोण?
(सभासद अभ्यासमाला : धोरण, पाणी आणि न्याय)



‘आर्थिक धोरण’ हा शब्द कानावर पडला की आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं, हे दिल्ली-मुंबईच्या साहेब लोकांचं काम. आपलं काम नांगरट, लागण, खत-पाणी, तोडणी आणि बिलाची वाट बघणं. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. आपल्या शेतात कोणतं पीक उभं राहणार हे निम्मं आपण ठरवतो आणि निम्मं धोरण ठरवतं. कर कुठं बसवला, भावाची हमी कशाला दिली, वीज काय दरानं दिली, पाणी कोणाच्या नावानं मोजलं, या गोष्टी कुळवाच्या फासाइतक्याच खोल जमिनीत जातात. सबब धोरण म्हणजे काय, ते न्यायाचं कधी होतं आणि जमीन-पाणी राखणारं कधी होतं, याचा विचार सभासदानं करणं अगत्याचं आहे.

धोरण तपासायला तीन साधे प्रश्न पुरेसे आहेत. फायदा कोणाला मिळाला? किंमत कोणी भरली? आणि मागं काय उरलं? हे तीन प्रश्न हाती धरून आपण काही उदाहरणं पाहू. पहिलं उदाहरण मुद्दामच उसाबाहेरचं घेतलं आहे, कारण दुसऱ्याच्या शेतातलं तण माणसाला लवकर दिसतं.

१. राहनाळची भातखाचरं आणि जकात नाका

ठाणे जिल्ह्यात भिवंडी तालुक्यात राहनाळ नावाचं गाव आहे. ठाण्याहून भिवंडीला जाताना कशेळी, काल्हेर, पूर्णा ही गावं लागतात, त्याच पट्ट्यातलं. खाडीजवळचा मुलूख, पाऊस भरपूर, पीक भाताचं. आज तिथं रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं दिसतात. कापड, औषधं, यंत्रं, किराणा, घरपोच जाणारी खोकी असा सगळा माल तिथं उतरतो आणि तिथून पुढं जातो. भाताची खाचरं सिमेंटच्या जोत्याखाली गेली.

हे कोणी केलं? एखाद्या शेटजीनं एका दिवसात केलं असं नाही. त्यात मोठा हात एका कराचा होता. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत माल शिरला की नाक्यावर जकात भरावी लागे. व्यापाऱ्यानं साधा हिशेब केला. सगळा माल एकदम शहरात नेला तर सगळ्यावर जकात आजच भरायची, आणि त्यातला जो माल पुढं नाशिक-इंदूरकडं जायचा त्याच्यासाठीही नसता उपद्व्याप. त्यापेक्षा माल हद्दीबाहेर ठेवावा, लागेल तेवढाच आत न्यावा. राहनाळ हे ग्रामपंचायतीचं गाव, मुंबईच्याही हद्दीबाहेर आणि भिवंडी शहराच्याही. शिवाय रस्ता हाताशी. मग गोदाम तिथं होणार नाही तर कुठं होणार?

शेतकऱ्यानंही हिशेब केला. भाताच्या एका पिकात वर्षाकाठी जे हाती लागतं त्याच्या कितीतरी पट भाडं गोदामाचं येतं, तेही दरमहा, पाऊस पडो न पडो. त्यानं खाचर बुजवलं, यात त्याला दोष कसला द्यायचा? तुम्ही-आम्ही तिथं असतो तर हेच केलं असतं.

पुढं १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. आता गोदामं उठतील असं कोणी म्हणेल, पण झालं उलटं. पूर्वी परराज्यात थेट विक्री केली की केंद्रीय विक्रीकर लागे, तो टाळण्यासाठी कंपन्या प्रत्येक राज्यात लहान-लहान गोदामं ठेवत. नव्या करात ती गरज संपली. तेव्हा मोठ्या बाजारपेठेजवळ एकच मोठं गोदाम ठेवणं सोयीचं झालं, आणि भिवंडीचा पट्टा आणखी वाढला. म्हणजे कर आला तेव्हाही जमीन बदलली आणि कर गेला तेव्हाही बदलली. जमिनीचं भलं-बुरं मात्र दोन्ही वेळा कोणी विचारलं नाही.

आता आपले तीन प्रश्न लावा. फायदा मिळाला तो ज्याची जमीन रस्त्याला लागून होती त्याला, आणि बांधकाम करणाऱ्याला. काहींना रोजगार मिळाला, हेही खरं. किंमत कोणी भरली? ज्यांना जमीनच नव्हती आणि जे आवणीच्या, कापणीच्या मजुरीवर जगत होते त्यांनी. त्यात बाया जास्त. मागं काय उरलं? पावसाचं पाणी मुरवणारी खाचरं गेली. नियोजनासाठी या परिसरातल्या ६० गावांवर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नेमणूक झाली ती २००७ साली. तोवर कित्येक गोदामं परवानगीवाचून उभी राहिली होती आणि त्यांची प्रकरणं पुढं उच्च न्यायालयापर्यंत गेली. आग लागली की बंब शिरायला वाट नाही, ही तिथली नेहमीची तक्रार. धोरण पुढं धावलं आणि नियोजन मागून लंगडत आलं.

२. मग आपला ऊस?

राहनाळच्या शेतकऱ्याला जकातीनं जे सांगितलं, तेच आपल्याला ऊसदराच्या कायद्यानं सांगितलं आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ सालचा. त्यानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर सालीना १५ टक्के व्याज. २००९-१० च्या हंगामापासून रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे आपण ज्याला एफआरपी म्हणतो तो लागू झाला. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये ठरला. अंमलबजावणीत काय-काय घोळ होतात हे आपल्याला ठाऊक आहे, पण कायद्यानं हक्क तर दिला!

आता ज्वारी, तूर, हरभऱ्याकडं बघा. आधारभूत किंमत त्यांनाही जाहीर होते. पण बाजारात भाव पडला की खरेदी केंद्र कुठं आहे, ते चालू कधी होणार, बारदाना आला का, याच चौकशीत हंगाम संपतो. उसाला गिऱ्हाईक बांधलेलं आहे, तुरीला नाही. मग पाणी हाती असलेला शेतकरी ऊसच लावणार. त्याला कोणी हावरट म्हणत असेल तर तो माणूस शेती जाणत नाही. त्यात शासनानं २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना आणली. वीजबिलाचं ओझं उतरलं हे बरंच झालं. तथापि पाणी उपसायला पैसे पडत नाहीत म्हटल्यावर विहिरीचा तळ किती दूर आहे, इकडं लक्ष जात नाही, हेही तितकंच खरं.

इथं एक धोकाही ध्यानात घ्या. ज्या धोरणाच्या भरवशावर आपण उभे आहोत ते रातोरात फिरू शकतं. इथेनॉलसाठी कारखान्यांनी मोठी कर्जं काढून आसवन्या उभ्या केल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये पाऊसमान कमी म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्रानं एकाएकी निर्बंध घातले. पुढं ते उठले. पण एका पिकावर आणि एका आदेशावर सगळा प्रपंच टांगून ठेवणं किती जोखमीचं, हा धडा मिळालाच.

३. एका एकराचा पाण्याचा हिशेब

आता पाटी-पेन्सिल घेऊन बसू या. बारमाही उसाला पाटानं पाणी दिलं तर वर्षाकाठी सुमारे २,००० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागतं, असं धरतात. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर, एकरावर सुमारे ४,००० लिटर. तेव्हा कमीत कमी २,००० मिलिमीटर धरलं तरी एकराला ८० लाख लिटर पाणी झालं. ४० टन ऊस आणि ११ टक्के उतारा धरला तर त्यातून ४,४०० किलो साखर निघते. म्हणजे एक किलो साखरेला १,८०० लिटरच्या वर पाणी. अडीच हजार मिलिमीटर धरलं तर २,२०० लिटरच्या वर. चहात घातलेल्या दोन चमच्यांमागं निदान घागरभर पाणी गेलेलं असतं.

एकच उदाहरण देतो, म्हणजे ८० लाख लिटर ही काय चीज आहे ते कळेल. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरात प्यायला पाणी उरलं नाही, तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी नेलं. पहिल्या गाडीत १० वाघिणी होत्या आणि पाणी होतं ५ लाख लिटर. साऱ्या देशानं ती गाडी वर्तमानपत्रात पाहिली. आपल्या एका एकर उसाला वर्षाला तशा १६ गाड्या लागतात.

केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानंही आपल्या अहवालात हे मांडलेलं आहे : महाराष्ट्रातल्या एकूण पिकाखालील क्षेत्रात उसाचा वाटा ४ टक्क्यांहून कमी, पण सिंचनाचं जवळजवळ ७० टक्के पाणी त्याला लागतं. यावर आपल्यातले काही जण म्हणतात, “आमच्या नावानं उगाच बोंब मारतात, शहरवाले मोटारी धुतात त्याचं काय?” शहरानं उधळपट्टी करू नये, हे बरोबरच आहे. परंतु शेजारच्या गावातल्या जिरायत शेतकऱ्यानं तुम्हाला हाच प्रश्न विचारला तर त्याला मोटारीचं उत्तर देऊन भागणार नाही. जेवढ्या पाण्यात आपला एक एकर ऊस होतो तेवढ्यात त्याची चार एकर तरी रब्बी ज्वारी भिजते. आणि तो आपला पाहुणा आहे, सोयरा आहे, कधी कधी सख्खा भाऊ आहे.

४. शहरानं गावाची मजुरी भरली

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, न्यायाचं धोरण बोलायला सोपं, करून कोणी दाखवलं? महाराष्ट्रानंच दाखवलं आहे.

सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम द्यावं, आणि ते काम जमीन-पाणी सुधारणारं असावं, ही त्यांची कल्पना. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला आली तेव्हा या कल्पनेचं मोल सर्वांना कळलं. १९७७ साली विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणं हा माणसाचा हक्क झाला. २००५ साली देशानं असाच कायदा केला तो या वाटेवरूनच चालून.

आता पैसा कुठून आला ते बघा, कारण खरी गंमत तिथंच आहे. १९७५ साली व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापली जाऊ लागली. विक्रीकरावर, मोटारींवर अधिभार आला. बागायत जमिनीवरही आकार बसला, म्हणजे ज्याच्या शेतात पाणी होतं त्यानंही वाटा उचलला. जेवढी रक्कम करातून जमेल तेवढीच शासनानं आपल्या खजिन्यातून घालायची. त्यातून पाझर तलाव, नालाबांध, रस्ते झाले. १९९० पासून याच योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि पडीक माळावर आंबा, बोर, डाळिंब उभं राहिलं. एकाच योजनेत मजुराच्या पोटाची सोय आणि जमिनीची निगा, दोन्ही. यालाच न्यायाचं आणि हिरवं धोरण म्हणायचं.

पण तिसरा प्रश्न इथंही विचारला पाहिजे. मागं काय उरलं, आणि ते कोणाचं झालं? पाझर तलाव खोदला भूमिहीनानं. तलावाखालच्या विहिरींना पाणी वाढलं, त्या विहिरी होत्या जमीनवाल्याच्या. मजुराला मजुरी मिळाली आणि हिशेब तिथंच मिटला. घाम एकाचा, झरा दुसऱ्याचा! ही त्रुटी ज्यांनी ओळखली त्यांचं उदाहरण पुढं आहे.

५. पाणी जमिनीला की माणसाला?

विलासराव साळुंखे हे पुण्यातले अभियंते, स्वतःचा कारखाना असलेले. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात फिरताना त्यांनी हाल पाहिले. नायगाव इथं देवस्थानची ४० एकर माळजमीन त्यांनी खंडानं घेतली, पावसाचं पाणी अडवलं, मुरवलं आणि त्या माळावर पिकं घेऊन दाखवली. १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान निघालं, आणि त्यातून पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. साळुंखे २००२ साली गेले.

पाणी पंचायतीचे नियम थोडके आणि रोखठोक होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही तर घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळणार. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी भरायचा. आणि शेवटचा नियम आपल्याला झोंबणारा : ऊस लावायचा नाही.

शेवटच्या नियमावर रागावण्याआधी त्यामागचं तर्कशास्त्र समजून घ्या. उसाशी वैर म्हणून तो नियम केलेला नव्हता. पाणी मोजकं होतं. चौघांनी ऊस लावला की उरलेल्या चाळिसांची तहान भागणार नव्हती. त्यांनी आधी माणसं मोजली, मग पाणी मोजलं, आणि पीक शेवटी ठरवलं. आपण उलट्या क्रमानं जातो. आधी पीक ठरवतो, मग पाणी शोधतो, आणि माणसं मोजायची राहूनच जातात.

ऐंशीच्या दशकात सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळीराजा धरण बांधलं गेलं, तेही याच विचारानं. मुक्ती संघर्ष चळवळीनं आणि तिथल्या गावकऱ्यांनी ते उभारलं. पाणी सगळ्यांना समान, भूमिहीनांना आणि बायांनाही हक्क, आणि उसाला मज्जाव. सांगली जिल्हा म्हणजे उसाचं आगर, आणि तिथल्याच माणसांनी हे केलं, हे विशेष.

याला परदेशी विद्या म्हणून कोणी हिणवू नये. धुळे-नाशिककडं पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ऊस ठरलेल्या फडातच आणि तोही पाळीपाळीनं. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, देखरेखीला हवालदार. सगळे गावानं नेमलेले आणि गावाला जबाबदार. पाणी कमी असेल त्या साली एखादा फड पडीक ठेवायचा, पण तोटा सगळ्यांत वाटून घ्यायचा. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात सरकारनं रिकाम्या वेळी फौजेला आणि पोलिसांना तालीबंधारे घालण्याच्या कामाला लावावं अशी सूचना केली आहे. अमेरिकेतल्या विदुषी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. समाईक पाणी, रान, कुरण माणसं आपल्या नियमांनी नीट सांभाळू शकतात, हे त्यांनी जगभरची उदाहरणं तपासून दाखवलं. आपल्या पाटकऱ्याला हे आधीच ठाऊक होतं.

अलीकडचं उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पाचं. ओझरला १९९० नंतर बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पाणी एकरावर नाही तर मोजून घ्यायचं आणि मोजून वाटायचं ठरलं. पुढं सगळ्या प्रकल्पाचा कारभार या संस्थांच्या संघाकडं आला. टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचू लागलं, आणि मोजून मिळतं म्हटल्यावर लोकांनी पिकंही विचारानं निवडली.

६. हमाल आणि ऊसतोडकरी

राहनाळच्या गोदामाकडं क्षणभर परत जाऊ. तिथं पाठीवर पोती वाहणारा हमाल असतो. त्याच्यासारख्यांसाठी अण्णासाहेब पाटलांनी चळवळ केली आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमालाचा मालक आज एक, उद्या दुसरा. तेव्हा मजुरी मंडळाकडं भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्हीही द्यायची, म्हणजे त्यातून भविष्य निर्वाह निधी, रजा, दवापाणी यांची सोय होते. कायदा सगळीकडं नीट पाळला जातो असं नाही, परंतु मालक बदलला तरी मजुराचा हक्क बदलत नाही, हे तत्त्व मान्य झालं.

आपला ऊस तोडणाऱ्याचं काय? बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून तो येतो तो उचल घेऊन. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस आजारी पडलं की खाडा आणि खाड्याचा दंड. २०१९ साली शासनानं नेमलेल्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक बायांची गर्भपिशवी काढलेली आढळली. हा आकडा वाचून पुढं जाऊ नका. थांबा. पाचटात बाळंत होणारी, पहाटे तीनला मोळी बांधणारी बाई आपल्या फडात उभी असते. आपण तिला नावानं ओळखत नाही, कोयत्याच्या आकड्यानं ओळखतो.

गोपीनाथराव मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ निघालं. टनामागं १० रुपये कारखान्यांनी आणि तेवढीच रक्कम शासनानं द्यावी, असं धोरण ठरलं. हे माथाडीच्या वाटेवरचं पहिलं पाऊल आहे. आपल्या टनातून १० रुपये गेले म्हणून कुरकुर करण्याआधी हा सगळा हिशेब आठवावा. साखर गोड आहे, तिची किंमत कोणी तरी कडू घोट घेऊन भरतंय.

७. आपल्या हाती काय आहे?

सरकार करील तेव्हा करील. गाव करी ते राव न करी. आपला कारखाना हीच एक धोरण करणारी संस्था आहे. १९५०-५१ च्या हंगामात लोणीला प्रवरेचा कारखाना सुरू झाला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी एक तत्त्व घालून दिलं. मत जमिनीला नाही, माणसाला. एक एकरवाल्याला एक मत आणि वीस एकरवाल्यालाही एकच. कारखान्यात मत माणसाला आणि शिवारात पाणी मात्र जमिनीला, ही विसंगती आपण किती दिवस चालू ठेवणार?

तेव्हा विचारार्थ काही गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट ठिबकची. पाटाच्या पाण्यापेक्षा ठिबकनं साधारण ४० टक्क्यांपर्यंत पाणी वाचतं, उत्पन्नही घटत नाही. कारखान्यानं जामीन राहून कर्ज द्यावं, वसुली बिलातून हप्त्यानं करावी. मात्र एक अट घालावी. वाचलेल्या पाण्यावर पुन्हा ऊसच वाढवला तर शिवाराला काही मिळालं नाही, नळीवाल्याचा धंदा तेवढा झाला. वाचलेलं पाणी विहिरीत राहावं, नाही तर शेजाऱ्याच्या हरभऱ्याला जावं.

दुसरी गोष्ट नोंदीची. ऊस नोंदवताना प्रत्येक सभासदाच्या पहिल्या दोन-तीन एकरांना तोडणीत अग्रक्रम द्यावा, त्यावरच्या क्षेत्राला मागून. म्हणजे लहान सभासदाचा ऊस वाळणार नाही आणि क्षेत्र वाढवण्याच्या चढाओढीला आपोआप आळा बसेल. यात मोठे सभासद नाराज होतील. होऊ देत, सभेत बोलावं, उत्तर द्यावं-घ्यावं, पण विषय टाळू नये.

तिसरी गोष्ट जमिनीची. पाचट जाळू नये, सरीत कुजवावं. लागणीत हरभरा, भुईमूग यांचं आंतरपीक घ्यावं. पाणी जास्त देऊन चोपण झालेल्या जमिनींसाठी शिरोळच्या दत्त कारखान्यानं जमिनीखालून निचऱ्याच्या नळ्या टाकण्याचं काम गावोगावच्या शेतकऱ्यांना एकत्र करून केलं आहे, ते संचालकांनी आणि सभासदांनी जाऊन पाहावं. निचऱ्याची नळी एकट्याच्या बांधाशी थांबत नाही. तिथं सहकारच लागतो.

चौथी गोष्ट पैशाची. टनामागं ५ रुपये पाणी-निधी काढला आणि गाळप ५ लाख टन धरलं, तर सालाला २५ लाख रुपये जमतात. त्यातून आपल्या गटातल्या जिरायत गावांत नालाबांध, गाळ काढणं, विहीर पुनर्भरण होऊ शकतं. ४० टन ऊस घालणाऱ्या सभासदाला यात २०० रुपये पडतात. शहरातल्या नोकरदारानं एकेकाळी आपल्यासाठी एवढं केलं. आपण आपल्या शेजारगावासाठी तेवढं करायला हरकत नसावी.

आणि सरकारकडं मागणी करायची ती केवळ ऊसदर वाढवा एवढीच नको. तूर, हरभरा, ज्वारी, करडईला उसासारखी खात्रीची खरेदी द्या आणि ठरल्या मुदतीत पैसे द्या, ही मागणी ऊस उत्पादकानं केली तर तिला वजन येईल. जिरायत भावाला भाव मिळाला तर पाण्यासाठीची मारामार कमी होईल, आणि आपल्यालाही दुसऱ्या पिकाचा आधार राहील.

जुन्या माणसांनी सांगून ठेवलंय, ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. मूळ म्हणजे इथं पाणी आहे, जमीन आहे, आणि ती सांभाळणारी सगळी माणसं आहेत. राहनाळच्या खाचरात आता पुन्हा भात होणं अवघड. सिमेंट उखडून माती परत आणता येत नाही. आपल्या शिवारात मात्र माती अजून माती आहे आणि विहिरीत, कमी का होईना, पाणी आहे. निर्णय घ्यायला अवधी आहे, तो फार नाही.

गट सभेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात गेल्या वीस वर्षांत विहिरींची पाणीपातळी किती खाली गेली? किती बोअर आटले? गटवार यादी करावी.
२. आपल्या एका एकर उसाला प्रत्यक्षात किती पाळ्या आणि किती तास पाणी जातं? प्रत्येकानं आपापला हिशेब वहीत मांडावा.
३. पाणी माणशी वाटलं तर आपल्या घराला किती एकराचं येईल? आज आपण किती वापरतो?
४. तोडणीला येणाऱ्या टोळीला प्यायचं पाणी, सावली, लहान मुलांची सोय आणि दवाखाना यांपैकी आपल्या फडात काय मिळतं?
५. टनामागं ५ रुपये पाणी-निधीस आपली संमती आहे काय? नसल्यास कारण सांगावं, आणि दुसरा मार्ग सुचवावा.

चर्चेचा गोषवारा गटप्रमुखांनी शेतकी खात्याकडं लेखी द्यावा. वार्षिक सभेपूर्वी तो सभासदांपुढं ठेवता येईल.